रसायनशास्त्राच्या प्रकल्पात सेप्टिक टँक का नको?

आमच्या वस्तीतली बारावी सायन्सची एक मुलगी गेल्या महिन्यात संध्याकाळी घरी आली. हातात प्रकल्पाची वही आणि चेहरा उतरलेला. रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने विषय दिला होता, 'सेप्टिक टँकमधील विषारी वायू: निर्मिती, गुणधर्म आणि मृत्यूची कारणे'. सरांनी सही केली नाही. "विषय वादग्रस्त आहे, दुसरा घे," एवढंच म्हणाले. वर दोन पर्याय सुचवले, पेरूतील ऑक्झलेटचे प्रमाण किंवा दुधातील केसीन.

पेरूवर आणि दुधावर माझा काही राग नाही. पण हे दोन्ही प्रकल्प आपल्याकडे कसे होतात ते सगळ्यांना माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते. नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक बदलायचा, पहिल्या पानावर रंगीत पेनाने चौकट काढायची, झालं. पेरू कापलासुद्धा जात नाही. त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण त्यात कोणी काही शोधलेलंच नसतं.

'वादग्रस्त' हा शब्द पाथरीला नवा नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरीचं नाव देशभर गाजलं, तिकडे शिर्डी बंद झाली, इकडे आपल्याकडे बैठका झाल्या. त्या वादात पडायला शाळा, पुढारी, व्यापारी, सगळे तयार होते. मग वाद नको आहे असं नाही. कोणता वाद परवडतो आणि कोणता परवडत नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटायला गेले. माणूस वाईट नाही. शिकवणी घेत नाही, प्रयोगशाळेत स्वतः उभा राहतो, गरीब पोरांची परीक्षा फी दोनदा स्वतःच्या खिशातून भरलेली मला माहीत आहे. म्हणून त्यांच्याशी भांडायला नाही, समजून घ्यायला गेले. ते म्हणाले, "मॅडम, हा विषय तुमचा आहे, माझा नाही. मेले कोण, का मेले, हे समाजशास्त्र. रसायनशास्त्रात हे बसत नाही."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. कारण माझं म्हणणं बरोबर उलट आहे. सेप्टिक टँकचं रसायनशास्त्र प्रामाणिकपणे लिहायला घेतलं, तर जात टाळताच येत नाही.

आधी निव्वळ रसायन पाहू. बंद टाकीत मैला साचतो. हवा आत जात नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू त्या गाळाचं विघटन करतात. त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साईड तयार होतो. काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटचं रूपांतर सल्फाईडमध्ये करतात आणि हायड्रोजन सल्फाईड हा वायू तयार होतो. हाच तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. प्रयोगशाळेत तो किपच्या उपकरणात आयर्न सल्फाईडवर सौम्य सल्फ्युरिक आम्ल टाकून करतात आणि तेव्हा सर सांगतात, "खिडक्या उघडा, लांब उभे राहा." म्हणजे हा वायू अभ्यासक्रमात आहेच. त्याचा वास, त्याची घनता, लेड ॲसिटेटचा कागद काळा पडणं, सगळं तोंडी परीक्षेत विचारतात. फक्त तो माणसाच्या नाकात कुठे जातो, तेवढं विचारत नाहीत.

या वायूचा एक गुणधर्म प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. हवेच्या दहा लाख भागांत एक भागसुद्धा नसतो तेव्हा त्याचा वास येतो. पण हे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं आत उतरलेल्या माणसाला वाटतं. खरं तर तेव्हा तो वाढलेला असतो. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराजवळ एक-दोन श्वासांत. सायनाईडसारखाच तो पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे तळाशी बसतो. वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो, त्याला काढायला तिसरा. म्हणून अशा बातम्यांमध्ये मेलेल्यांचा आकडा क्वचितच एक असतो.

आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, झाकण तासभर उघडं ठेवलं की टाकी 'मोकळी' होते. दुसरी, पेटता दिवा किंवा कंदील आत सोडायचा, विझला नाही तर उतरायचं. दिवा फार तर ऑक्सिजन किती आहे ते सांगेल. जीव घ्यायला पुरेसा हायड्रोजन सल्फाईड असला तरी दिवा खुशाल जळत राहतो. आणि मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असला तर तोच दिवा स्फोट घडवतो. झाकणाचंही तसंच. वरची हवा बदलते, पण वायू गाळात अडकून असतो. माणूस उतरून फावडं मारतो, गाळ ढवळला जातो आणि त्याच क्षणी वायू सुटतो. त्यात कोणी संडास धुवायचं ॲसिड आत ओतलेलं असेल तर आणखी वाईट. सामू उतरला की गाळातला सल्फाईड वायू होऊन बाहेर येतो. आता मला सांगा, बारावीच्या पोरीने हे प्रयोगाने दाखवलं तर ते रसायनशास्त्र नव्हे?

आता जातीकडे येते. टाकीत इतका गाळ आणि इतका वायू साचतो का? कारण ती दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं उपसली जात नाही. सरकारी योजनेत खेड्यांसाठी सुचवलेला नमुना वेगळा आहे, दोन शोषखड्ड्यांचा. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. पहिल्यातलं पाणी जमिनीत मुरतं आणि वर्ष-दीड वर्षात मैल्याचं कोरडं खत होतं, त्याला वास येत नाही. तिथे कोणाला गुदमरून मरायचं कारण नाही, घरचा माणूस फावड्याने काढू शकतो. खर्चही कमी. तरी आपल्याकडे ज्याच्या हातात दोन पैसे आले तो मोठी सिमेंटची टाकी बांधतो आणि अभिमानाने सांगतो, "आता पोरांच्या लग्नापर्यंत बघायला नको." का? डिआन कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल याचं उत्तर शोधलं. लोक छोटे खड्डे नाकारतात, कारण खड्डा उपसणं हे 'त्या' लोकांचं काम, ते आपल्या हाताला लागू नये. मराठवाड्यात फिरताना मी यापेक्षा वेगळं काही ऐकलेलं नाही.

म्हणजे विटाळाच्या भीतीने टाकी मोठी होते. मोठी म्हणून वर्षानुवर्षं बंद राहते. बंद राहते म्हणून तिच्यात विनॉक्सी विघटन होत राहून वायू साठतो. आणि शेवटी उपसायची वेळ आली की ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद नाही अशा माणसाला आत उतरवतात. या साखळीत समाजशास्त्र कुठे संपलं आणि रसायनशास्त्र कुठे सुरू झालं, ते सरांनी मला रेघ मारून दाखवावं.

पुस्तकात हेबर पद्धतीने अमोनिया कसा करतात ते आपण शिकतो, तापमान, दाब, लोहाचं उत्प्रेरक. त्याच फ्रिट्झ हेबरने एप्रिल १९१५ मध्ये इप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडण्याच्या कामावर देखरेख केली, ते धड्यात नसतं. वायू शिकवायचा आणि तो कोणावर सुटला हे गाळायचं, ही सवय फक्त आपल्या कॉलेजची नाही.

आता घराजवळचं. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. मुंबई-दिल्लीच्या गटारातली ही गोष्ट नाही, इथून मोटारसायकलने जाता येईल तिथली आहे. मेलेले मजूर मुस्लिम समाजातले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, "मग यात जातीचा काय संबंध?" संबंध आहे. जातीने हे काम आधी काही माणसांच्या वाट्याला लावलं, त्यामुळे ते हलकं झालं. हलकं म्हणून त्याला यंत्र नाही, प्रशिक्षण नाही, मास्क नाही, मजुरीचा लेखी कागद नाही. आणि असं एक काम गावात तयार असलं की पोटासाठी त्यात कोणत्याही धर्माचा गरीब ओढला जातो. तरीही मूळ वाटणी बदललेली नाही. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत २०२४ पर्यंत शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची नोंद झाली होती. त्यातले जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी, आणि नुसते अनुसूचित जातींचे ६९ टक्क्यांच्या घरात. हा आकडा सरकारचा आहे, आपल्या पत्रकातला नाही.

कायदाही मुलीच्या वहीत हवा, कारण कायद्यात रसायनशास्त्र आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. महापरिनिर्वाण दिनापासून. त्याच्या कलम ७ नुसार गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला मनाई आहे आणि धोकादायक म्हणजे संरक्षक साधनांशिवाय केलेली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी मृताच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. "टाकी खासगी होती, सरकारचा काय संबंध" हे तुम्हाला तहसीलमध्ये ऐकवतील. तेव्हा गोवंडीचं प्रकरण सांगा. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले, त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी दहा लाख द्यायला सांगितले.

हे सगळं मी सरांपुढे मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात खरं कारण सांगितलं. "मॅडम, डिसेंबर २०२४ नंतर आपल्या जिल्ह्यात वातावरण कसं आहे तुम्हाला ठाऊक आहे. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, मग काय काय झालं. सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला. आता कॉलेजात 'जात' शब्द असलेला कागद माझ्या सहीने बाहेर गेला तर संस्थेत मलाच बोलावतील." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. जिथे कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरतो, तिथे कंत्राटी शिक्षकाने घाबरू नये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण एक नक्की. वाद विटंबना करणाऱ्याने निर्माण केला आणि गप्प बसायला लागलं बारावीच्या पोरीला.

निघताना ते आणखी एक बोलले, तेच मला जास्त बोचलं. "हा विषय हिनेच का घ्यायचा? परीक्षक बाहेरून येतो. वहीवर आडनाव असतं. विषय वाचला की तो समजतो कोणाची मुलगी आहे. मार्क तिचे जातील."

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या मुलांनी कायम आपल्याच दुःखावर प्रकल्प करायचे आणि बाकीच्यांनी पेरूतल्या ऑक्झलेटवर, ही पण एक वाटणीच आहे. एखाद्या बौद्ध मुलीला क्रिस्टलोग्राफी आवडत असेल तर तिने तीच करावी, तिच्यावर समाजाचं ओझं टाकणारे आपण कोण? पण इथे विषय कोणी लादला नव्हता. भाऊचा तांड्याची बातमी आली तेव्हा ती दहावीत जाणार होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न आहे: पाचही जण का? एकाला कळलं कसं नाही? हा प्रश्न वैज्ञानिकाचा आहे. त्याचं उत्तर तिला रसायनशास्त्रात सापडलं, नाक बधिर होण्यात.

विरोध फक्त कॉलेजातून झाला असं नाही. आपल्या विहारातले एक ज्येष्ठ मला म्हणाले, "१९५६ ला आपण घाणीची कामं सोडली. आता पोरीला पुन्हा त्या संडासाच्या वासात कशाला ढकलता?" त्यांचा सल मला कळतो. मेलेली ढोरं ओढणं बाबासाहेबांच्या सांगण्यावरून त्यांच्या वडिलांनी सोडलं, त्याची शिक्षा म्हणून गावाने त्यांचा किराणा बंद केला होता. पण काम सोडणं वेगळं आणि त्या कामाकडे पाठ फिरवणं वेगळं. आपण सोडलं, ते मेहतर, वाल्मीकी आणि आता कोणाच्याही गरीब पोरांच्या अंगावर राहिलं. आपल्या जयंतीच्या प्रश्नमंजूषेत महाडची तारीख विचारतात, २० मार्च १९२७, आणि पोरं पटापट सांगतात. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळून १०८ घागरींनी चवदार तळं 'शुद्ध' केलं, हेही सांगतात. पण या मिश्रणाने पाण्याचं नेमकं काय होतं, त्यातले जिवाणू वाढतात की कमी होतात, हे एकाही पोराला विचारावंसं वाटलेलं मी पाहिलं नाही. हा दोष पोरांचा नाही, आपला आहे. बुद्धाने कालामांना जे सांगितलं ते आपण भाषणात वापरतो, परीक्षानळीत नाही.

आणि तरुण मित्रांना एक कडू गोष्ट. असा विषय घेतलात तर त्यात रसायनशास्त्र दणकट हवं. मुखपृष्ठावर निळा रंग, आत तीन पानं घोषणा आणि प्रयोग शून्य, असा प्रकल्प मी परीक्षक असते तर मीही नापास केला असता. भाषण हा प्रकल्प नव्हे.

म्हणून आम्ही आधी प्रयोग ठरवला. पहिला नियम मी घातला, कोणत्याही टाकीचं झाकण उघडायचं नाही, जवळही जायचं नाही. तिने प्लास्टिकच्या तीन बाटल्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी आणि माती. दुसरीत उकडलेलं अंडं आणि तळ्याकाठचा चिखल. तिसरीत तेच, पण चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस घालून, म्हणजे सल्फेट जास्त. लेड ॲसिटेट हाताशी नव्हतं. तिच्या आईने जुनी चांदीची जोडवी काढून दिली. ती दोऱ्याने प्रत्येक बाटलीत लटकवली, बाटल्या गच्चीवर सावलीत ठेवल्या. बाराव्या दिवशी तिसऱ्या बाटलीतलं जोडवं काळं पडलं होतं, दुसऱ्यातलं तपकिरी, पहिल्यातलं जसंच्या तसं. मग तोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, तिने तिसऱ्या बाटलीचं झाकण दोन तास उघडं ठेवलं आणि घासून पांढरं केलेलं जोडवं पुन्हा लटकवलं. ते बराच वेळ पांढरं राहिलं. झाकण लावून बाटली हलवली, गाळ ढवळला, आणि संध्याकाळपर्यंत ते काळं झालं. 'टाकी मोकळी झाली' या समजुतीचं खंडन एका जोडव्याने केलं.

ती बाटल्यांचे फोटो आणि नोंदी घेऊन सरांकडे गेली. या वेळी मी गेले नाही. सरांनी नोंदी दोनदा वाचल्या, एक चूक काढली (तापमान रोज लिहिलं नव्हतं), कपाटातून लेड ॲसिटेटच्या पट्ट्या काढून दिल्या, शिसं विषारी असतं म्हणून हात कसे धुवायचे ते सांगितलं. सहीसाठी मात्र एक अट घातली. शीर्षक बदलायचं, 'विनॉक्सी विघटनातून निर्माण होणाऱ्या वायूंचा अभ्यास', आणि शेवटचं प्रकरण, ज्यात सोनपेठची घटना, कामगारांचा आकडा आणि कायदा आहे, ते गाळायचं.

माझं मत विचारलं तर शीर्षक सोडून द्यावं, प्रकरण सोडू नये. शीर्षक वाचून कोणाचा जीव वाचत नाही. तिच्या आईचं मत आहे, मार्क जाऊ नयेत, बाकी तुम्ही दोघी ठरवा. मुलीने स्वतःच तोडगा काढला. शीर्षक सरांचं ठेवलं. प्रकरणाचं नाव 'सामाजिक प्रश्न' होतं, ते खोडून 'सुरक्षिततेच्या दृष्टीने उपयोजन' केलं आणि आतला एकही शब्द बदलला नाही. पाचांचा आकडा आहे, कलम ७ आहे, ६९ टक्के आहे. वही सोमवारी दिली आहे. सही अजून झालेली नाही.

दरम्यान एक काम आपण करू शकतो. मानवत, सेलू, सोनपेठ, पाथरी या भागात रसायनशास्त्र शिकवणारे, बी.एस्सी. केलेले जे कोणी आंबेडकरी मित्र आहेत त्यांनी कळवावं. बाटल्या, पट्ट्या, नोंदींचा तक्ता, सगळं तयार आहे. पावसाळ्याआधी टाक्या उपसायचा हंगाम सुरू होतो. त्याआधी हा प्रयोग दहा-बारा वस्त्यांत आणि तांड्यांवर, मजुरांच्या समोर करून दाखवायचा आहे. जोडवी आपापली आणावीत, नंतर घासून देऊ.

जय भीम.